दहा रुग्ण आणि शंभर टक्के यश

वाडीवरच्या शाळेत दहावीला दहा मुलं बसतात, दहाही पास होतात आणि ‘निकाल १०० टक्के’ असा फलक लागतो. पुढच्या वर्षी दोघं नापास झाली की तीच शाळा ८० टक्क्यांवर येते. मास्तर तेच, फळाही तोच. छोट्या बेटांवरच्या टीबीचे आकडे वाचताना ही शाळा डोळ्यांसमोर ठेवावी.

तुवालू घ्या. पॅसिफिकमधला नऊ बेटांचा देश, लोकसंख्या साधारण ११ हजार. टीबीचं प्रमाण कमी नाही, पण माणसंच इतकी थोडी की वर्षाला शंभरही रुग्ण नोंदले जात नाहीत. हिशेबासाठी दहाच धरू.

‘उपचारांचं यश’ म्हणजे नोंदलेल्या रुग्णांपैकी किती टक्के बरे झाले किंवा निदान गोळ्यांचा कोर्स पूर्ण करू शकले. उरलेले सगळे अपयशात. उपचार चालू असताना रुग्ण मधुमेहाने गेला, तरी तो याच खात्यात. सलग दोन महिने गोळ्या सोडणाराही इथेच. कुणी फिजीला गेला, तिथे ठणठणीत बरा झाला, पण त्याचा कागद तुवालूच्या राजधानीत, फुनाफुतीला परत आला नाही, तर तोही यशातून वजा!

आता गंमत बघा. समजा, आरोग्यसेवा उत्तम आहे आणि प्रत्येक रुग्ण यशस्वी ठरण्याची शक्यता ९० टक्के आहे. दहाही यशस्वी ठरण्याची शक्यता काढायची तर ०.९ ला त्यानेच गुणत जायचं, दहा वेळा येईपर्यंत. उत्तर ०.३५. म्हणजे साधारण तीन वर्षांतून एकदा १०० टक्के यश आपसूकच मिळणार. नेमके नऊ यशस्वी होण्याची शक्यता ०.३९. उरली ०.२६, म्हणजे चारातलं एखादं वर्ष ८० टक्के किंवा त्याखाली जाणार. कुणीही कामचुकारपणा केलेला नसताना! संख्याशास्त्रात हा चढउतार रुग्णसंख्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. दहा रुग्णांमागे तो साडेनऊ टक्क्यांच्या आसपास येतो, तर भारतासारख्या वर्षाला वीस लाखांहून अधिक रुग्ण नोंदणाऱ्या देशात जेमतेम ०.०२ टक्के. आपल्याकडे हा दर एका टक्क्याने घसरला, तर त्याला योगायोग म्हणून सुटता येणार नाही.

तरीही अशा आकड्यांवरून देशांच्या क्रमवाऱ्या लावल्या जातात. १०० टक्के आले की श्रेय घ्यायला सगळे पुढे, ८० आले की चौकशी समिती. ग्रहदशा बघून निकाल सांगणाऱ्यांपेक्षा हे फार वेगळं नाही.

पाच वर्षांचे रुग्ण एकत्र केले तर पन्नास होतात आणि चढउतार सव्वाचार टक्क्यांवर येतो. तेही फार बारीक नाही. पण दहाच रुग्ण असण्याचा एक फायदा असतो: टक्केवारी बाजूला ठेवून प्रत्येकाची फाइल उघडता येते. कोण दगावलं, कोण बोटीने दुसऱ्या बेटावर गेलं, कुणाचा खोकला दुसऱ्या महिन्यात थांबला म्हणून सहा महिन्यांचा कोर्स अर्ध्यावर राहिला. यातलं शेवटचं कारण दहांत दोनदा सापडलं, तर गोळ्या घरपोच देण्याची व्यवस्था तपासायला पुढच्या वर्षीच्या आलेखाची वाट बघायला नको.