व्यसन सोडण्यापूर्वी: रुग्ण आणि कुटुंबीयांसाठी माहिती

आमच्या समुपदेशन केंद्रात येणारी बहुतेक कुटुंबे पहिल्याच भेटीत विचारतात, की मनावर घेतले तर दारू सुटणार नाही का? निर्धार लागतोच, पण तेवढा पुरत नाही. दीर्घकाळ दारू घेतल्याने मेंदूची सुख अनुभवण्याची आणि स्वतःला आवरण्याची यंत्रणाच बदलते. तोच परिणाम मिळवण्यासाठी अधिक प्यावे लागते आणि वेळ टळली की शरीर तक्रार करू लागते. नाशिकमधील सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात पहिल्या पाळीला निघताना हातांची थरथर थांबावी म्हणून जो उतारा घेतो, तो त्या वेळी मजेसाठी पीत नसतो. जागतिक आरोग्य संघटना व्यसनाधीनतेची गणना आजारांत करते, आणि मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्येही दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश आहे.

रोज भरपूर पिणाऱ्या व्यक्तीची दारू घरच्या घरी एकाएकी बंद करू नये, हे आम्ही आग्रहाने सांगतो. शेवटच्या पेल्यानंतर साधारण ६ ते २४ तासांत थरथर, घाम, मळमळ आणि निद्रानाश सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान काही रुग्णांना भास होतात, स्थळकाळाचे भान सुटते. ही अवस्था जीवघेणी ठरू शकते. अशा माणसाला खोलीत कोंडून ठेवणे हा उपचार नव्हे. फिट किंवा भास दिसताच १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी. हे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू कमी करत नेलेल्या औषधांनी आणि ब-१ जीवनसत्त्वाने बरेच सुरक्षितपणे पार पडतात. आमच्याकडे औषधे दिली जात नाहीत. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा शासकीय रुग्णालयात जावे.

‘रुग्णाला न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती सर्वांनीच पाहिलेल्या आहेत. आमटीत किंवा चहात गुपचूप मिसळलेल्या अशा पुडीत नेमके काय आहे, हे घरच्यांनाही ठाऊक नसते. दारू सोडवण्यासाठी दिले जाणारे डायसल्फिराम हे औषध पोटात असताना दारू घेतली, तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो आणि क्वचित प्राणही जातो; म्हणून ते रुग्णाच्या संमतीनेच आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यायचे असते.

शरीरातून दारू गेल्यानंतर समुपदेशनाचे खरे काम सुरू होते. पगाराचा दिवस, ठरावीक मित्र, घरातले भांडण, कामावरून सुटल्यानंतरची रिकामी संध्याकाळ यांपैकी कोणत्या वेळी तल्लफ येते, हे रुग्णासोबत बसून शोधले जाते आणि त्या वेळी काय करायचे ते आधीच ठरवले जाते. निवृत्तिनाथांच्या पौषवारीला त्र्यंबकेश्वरी जाऊन माळ घालणारे आणि दारू सोडणारे लोक आपल्या जिल्ह्यात आहेत. त्या श्रद्धेबरोबर दिंडीची सोबतही मिळते, हे आम्ही मोलाचे मानतो. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या परस्पर मदतगटाच्या सभाही अशाच सोबतीवर चालतात, आणि त्यांना शुल्क नसते. मध्येच पुन्हा प्यायले गेले, तर उपचार वाया गेले असे समजून ते थांबवू नयेत, लगेच भेटीची वेळ घ्यावी.

घरच्यांनी उधारी फेडत राहणे आणि ‘ताप आलाय’ असे सांगून कंपनीत रजा कळवणे प्रेमापोटीच होते, हे आम्हाला समजते. परंतु त्यामुळे पिण्याचे परिणाम रुग्णापर्यंत पोहोचतच नाहीत. मारहाण होत असेल, तर मात्र आधी स्वतःची आणि मुलांची सुरक्षितता पाहावी.

पहिल्या भेटीला रुग्ण आलाच पाहिजे असे नाही; पत्नी, आई किंवा भाऊ एकटे आले तरी चालते. चालू औषधांच्या चिठ्ठ्या आणि पूर्वीचे तपासणी अहवाल सोबत आणावेत. आमचे केंद्र बंद असताना व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आधारासाठी टेली मानसच्या १४४१६ या शासकीय क्रमांकांवर विनामूल्य बोलता येते.