मुलांनी मिळून रचलेल्या नाटकाची कॉपीराइट नोंदणी: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

नाट्यशिबिरात पंधरा-वीस मुलं जमतात. पहिल्या आठवड्यात कुणाच्याच हातात संहिता नसते. कुणी आजीनं सांगितलेली गोष्ट आणतं, कुणी बसमधलं भांडण करून दाखवतं. त्यातून प्रसंग सापडतात, प्रसंगांना जोड मिळते आणि महिन्याभरात नाटक उभं राहतं. ते कुणाचं, हे मात्र तेव्हा कुणी विचारत नाही. स्पर्धेत बक्षीस मिळाल्यावर किंवा दुसऱ्या एखाद्या संस्थेनं प्रयोगाची परवानगी मागितल्यावर विषय निघतो. तोवर मुलं बारावीला, होस्टेलला, कुठे कुठे पांगलेली असतात.

कॉपीराइट नोंदणीचा फॉर्म अवघड नाही. अवघड आहे ते त्यातला ‘लेखकाचं नाव’ हा रकाना भरणं. म्हणून फॉर्मकडे वळण्याआधी थोडं थांबून तेवढं समजून घेऊ.

नोंदणी सक्तीची आहे का? नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार नाटक तयार झालं की त्यावरचा हक्क आपोआप निर्माण होतो. नोंदणी हा त्या हक्काचा पुरावा. कलम ४८ प्रमाणे नोंदवहीतली नोंद न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा मानली जाते, म्हणजे ती खोटी ठरवायची जबाबदारी समोरच्यावर येते. एकट्या लेखकाला हे कदाचित निकडीचं वाटणार नाही. समूहानं रचलेल्या नाटकात मात्र प्रत्येकाच्या आठवणीत वेगळा इतिहास असतो, आणि तिथे हा कागद फार कामाला येतो.

पात्रतेच्या अटी दोनच, पण दोन्ही नीट समजून घ्यायला हव्यात. पहिली अट म्हणजे नाटक स्वतंत्र हवं. दुसरी, ते कुठेतरी पक्कं झालेलं हवं. कलम २(एच) मधल्या व्याख्येत अभिनयाचा किंवा दृश्यरचनेचा आराखडा ‘लिहून किंवा अन्य रीतीनं’ निश्चित झालेला असावा, असं म्हटलं आहे. त्यामुळे तालमीत दर वेळी वेगळं होणारं इम्प्रोव्हायझेशन कितीही रंगलं, तरी जोवर ते कुणी उतरवून ठेवत नाही तोवर नोंदवायला हातात काही नसतं. शिबिर घेणाऱ्यांना माझा आग्रह आहे की पहिल्या दिवसापासून एका मुलाकडे वही द्या आणि रोज संवाद, तारीख आणि त्या दिवशी हजर असलेल्यांची नावं लिहून घ्या. आज कंटाळवाणी वाटणारी ही वहीच उद्या तुमचं सर्वांत भक्कम कागदपत्र ठरते.

निव्वळ कल्पनेवर हक्क मिळत नाही. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९७८ साली हे स्पष्ट केलं. आपल्या नाटकावरून चित्रपट काढला, अशी एका नाटककाराची तक्रार होती. कल्पना, विषय, कथानकाचा सांगाडा यांवर कुणाची मालकी नसते, संरक्षण असतं ते मांडणीला, असं सांगून न्यायालयानं त्यांचा दावा फेटाळला. म्हणून ‘मोबाइलच्या व्यसनावरचं नाटक आमचंच’ असं म्हणता येणार नाही. तुमचे प्रसंग, पात्रं, संवाद तुमचे. नुसत्या शीर्षकालाही सहसा संरक्षण मिळत नाही. आणि नाटकात गाजलेल्या चित्रगीताच्या चालीवर मुलांनी शब्द बसवले असतील, तर ती चाल त्यांची होत नाही. अर्ज करण्याआधी असे तुकडे बाजूला काढा किंवा त्यांची परवानगी घ्या.

लेखक कोण?

कलम २(झेड) मध्ये संयुक्त लेखनाची व्याख्या आहे. दोघांनी किंवा अधिक जणांनी मिळून काम केलं आणि एकाचा वाटा दुसऱ्यापासून वेगळा काढता येत नाही, तर ते सगळे सहलेखक. तालमीत घडत गेलेल्या नाटकाला ही व्याख्या अगदी चपखल बसते. तरीही नाटकात भूमिका केलेलं प्रत्येक मूल आपोआप लेखक होत नाही. लिहून झालेले संवाद जिनं म्हटले, ती कलाकार. कलाकाराचे हक्क कायद्यात कलम ३८ खाली स्वतंत्रपणे दिलेले आहेत आणि ते प्रयोगाच्या वर्षानंतर ५० वर्षं टिकतात. जिनं तो संवाद तालमीत शोधला, घडवला आणि तो संहितेत राहिला, ती लेखक. एकच मुलगी दोन्ही असू शकते.

मार्गदर्शकांचं काय? त्यांनी नुसते खेळ घेतले, प्रश्न विचारले, सूचना केल्या, तर त्याला दिग्दर्शन म्हणता येईल. पण रात्री घरी बसून त्यांनी प्रसंग जोडले आणि संवाद पुन्हा लिहिले, तर तेही सहलेखक आहेत आणि त्यांचं नाव यायलाच हवं. उलट मुलांनी रचलेल्या नाटकावर ‘लेखन-दिग्दर्शन’ म्हणून फक्त ताई-दादाचं नाव छापणं मला मनापासून चुकीचं वाटतं. आपल्याकडे हे सर्रास होतं आणि मुलांना ते आयुष्यभर लक्षात राहतं.

संस्थेबद्दलही गैरसमज असतो. कलम १७ प्रमाणे पहिला मालक लेखकच असतो. नोकरीच्या किंवा शिकाऊ उमेदवारीच्या करारात केलेल्या कामाची मालकी, वेगळं ठरलेलं नसेल तर, मालकाकडे जाते. पण फी भरून शिबिराला आलेली मुलं कुणाची नोकर नसतात. तालमीला हॉल दिला, कपडेपट दिला, म्हणून नाटक संस्थेचं होत नाही. संस्थेला हक्क हवा असेल तर कलम १९ प्रमाणे लेखी, सही केलेलं हस्तांतरण लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हक्क दिल्यावरही आपलं नाव लावण्याचा आणि नाटकाची मोडतोड रोखण्याचा अधिकार कलम ५७ नुसार लेखकाकडेच राहतो.

लेखक होण्यासाठी वयाची अट नाही. बारा वर्षांचं मूलही लेखक असू शकतं. अडचण येते ती करारात. १८ वर्षं पूर्ण नसलेल्याला भारतीय करार कायद्याप्रमाणे करार करता येत नाही, त्यामुळे त्यानं स्वतः सही केलेलं हस्तांतरण टिकत नाही. म्हणून अशा मुलांच्या सगळ्या कागदांवर आई-वडिलांची किंवा कायदेशीर पालकांची सही घ्या. मुलाचीही घ्या. कायद्यासाठी नव्हे, आपण कशाला होकार देतोय हे त्याला कळावं म्हणून.

कागदपत्रं

संहितेची स्वच्छ प्रत लागते. पहिल्या पानावर नाटकाचं नाव आणि सर्व लेखकांची नावं एकाच क्रमानं, एकाच स्पेलिंगनं लिहा, कारण फॉर्मवर ‘आदित्य’ आणि संहितेवर ‘आदी’ असलं की विचारणा येते. नाटक अप्रकाशित असेल तर हस्तलिखिताच्या दोन प्रती देण्याची तरतूद आहे. सोबत अर्जदाराची ओळख आणि पत्ता, सही, आणि सर्व लेखकांचं नाव, पत्ता व राष्ट्रीयत्व. अर्जदार स्वतः लेखक नसेल, समजा संस्था अर्ज करत असेल, तर लेखकांचं मूळ ना-हरकत पत्र जोडावंच लागतं. वकिलामार्फत अर्ज केला तर वकीलपत्र.

ना-हरकत पत्र गोळा करण्यात सर्वाधिक वेळ जातो. शेवटच्या प्रयोगाच्या दिवशी, मेकअप उतरवायच्या आधी, पालक समोर असतानाच सह्या उरका.

अर्ज कसा करायचा

अर्ज कॉपीराइट कार्यालयाकडे जातो. ते नवी दिल्लीत, द्वारकेच्या बौद्धिक संपदा भवनात आहे, पण तिथे जायची गरज नाही. कार्यालयाच्या संकेतस्थळावर खातं उघडून फॉर्म क्रमांक १४ भरता येतो. त्याला तपशीलपत्र आणि अधिक तपशीलपत्र अशी दोन जोडपत्रं आहेत. नाटक स्वतंत्र आहे, भाषांतर आहे की रूपांतर, हे दुसऱ्यात विचारलं जातं. एका अर्जात एकच कृती येते, त्यामुळे शिबिरात तीन एकांकिका झाल्या असतील तर अर्जही तीन. नाट्यकृतीसाठी शुल्क प्रत्येकी ५०० रुपये आहे.

शुल्क भरलं की डायरी क्रमांक मिळतो. तो म्हणजे नोंदणी नव्हे, फक्त पोच. त्यानंतर ३० दिवस हरकतींसाठी थांबावं लागतं. हक्कात ज्यांचा काही संबंध आहे किंवा जे तुमचा दावा मान्य करत नाहीत, त्या सर्वांना अर्जाची सूचना देणं हे अर्जदाराचं काम आहे. वगळलेल्या सहलेखकाची हरकत इथेच येते आणि ती आली की दोन्ही बाजूंचं ऐकून घेतलं जातं. हरकत नसेल तर परीक्षक अर्ज तपासतात. त्रुटी निघाल्यास पत्र येतं. पत्रातल्या मुदतीत उत्तर द्या आणि त्यासाठी अर्जात नेहमी उघडला जाणारा ई-मेल द्या, शिबिरापुरता काढलेला नको.

महाराष्ट्रात जाहीर प्रयोगाआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता द्यावी लागते. ती प्रक्रिया पूर्ण वेगळी. मंडळाचं प्रमाणपत्र म्हणजे मालकीचा पुरावा नाही आणि कॉपीराइटची नोंदणी म्हणजे प्रयोगाची परवानगी नाही.

हक्काची मुदत लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. सहलेखकांच्या बाबतीत सर्वांत शेवटी हयात असलेल्या लेखकापासून ती मोजतात. नाटक अप्रकाशित म्हणून नोंदवलं आणि पुढे पुस्तक निघालं, तर फॉर्म क्रमांक १५ भरून नोंदीत तो बदल करून घेता येतो. पत्ता बदलला, हक्क संस्थेकडे दिला, तरी फॉर्म तोच.