रेझिस्टन्स तारेचा, रेझिस्टिव्हिटी धातूची

इंदूरच्या महारानी रोडवर, इलेक्ट्रिकच्या बाजारात जाऊन दुकानदाराला नुसतं "निक्रोमचा रेझिस्टन्स किती" (हीटरच्या तारेचा मिश्रधातू) विचारलंत तर तो उलट विचारेल, "कौनसा गेज भिया, कित्ता मीटर?" गेज म्हणजे तारेच्या जाडीचा नंबर. आणि त्याचं बरोबरच आहे, कारण रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, हा हातातल्या त्या तुकड्याचा असतो, तार लांब घेतली की वाढतो, जाड घेतली की कमी होतो. रेझिस्टिव्हिटीला लांबी-जाडीशी काही देणंघेणं नाही, ती मटेरियलची. तांब्याची साधारण 1.7 × 10⁻⁸ ओहम मीटर, निक्रोमची 110 × 10⁻⁸ च्या आसपास, म्हणजे साठपटीच्या वरच.

आता स्प्रिंगवाला हीटर घ्या, इंदूरच्या थंडीत अजून कित्येक घरांत माळ्यावरून खाली येतो. 1000 वॅटची स्प्रिंग 230 व्होल्टवर चालताना सुमारे 53 ओहमची असते. ती तुटली की लोक जळलेला तुकडा काढून टोकं पिळून परत बसवतात. समजा दहावा भाग गेला, तर धातू तोच, रेझिस्टिव्हिटी तीच, पण रेझिस्टन्स 48 च्या खाली येतो, करंट वाढतो आणि वॅट 1100 च्या वर जातात. वाटतं काय झकास जुगाड जमला, आधीपेक्षा जास्त तापतोय, पण स्प्रिंग आता झेपेल त्यापेक्षा जास्त तापत असते आणि पिळलेला जोड तर सगळ्यात आधी जातो. हे करूच नका खरं तर.

तारेची रेझिस्टिव्हिटी काढायच्या प्रॅक्टिकलमध्ये पोरांचा खरा घोळ तिसऱ्याच गोष्टीने होतो. 28 एसडब्ल्यूजी गेजची निक्रोम तार मीटरला साधारण 10 ओहम देते, लांबी आणि रेझिस्टन्सचा ग्राफ काढला की सरळ रेष येते, तिचा स्लोप 10, आणि तोच रेझिस्टिव्हिटी म्हणून लिहून मोकळे. अरे, तो 'ओहम दर मीटर' झाला, गेज बदलला की तोही बदलणार! त्याला तारेच्या काटछेदाच्या क्षेत्रफळाने, इथे सुमारे 1.1 × 10⁻⁷ चौरस मीटरने, गुणलं की मग 'ओहम मीटर' मिळतं. आणि क्षेत्रफळात व्यासाचा वर्ग येतो, त्यामुळे स्क्रूगेज नीट वाचा, 0.37 मिलीमीटरच्या तारेत 0.01 ची चूक म्हणजे उत्तरात पाच टक्क्यांहून जास्त फरक. व्यास दोन-तीन ठिकाणी, आडवा-उभा दोन्ही घ्यावा.

बरं, रेझिस्टिव्हिटी मटेरियलची म्हणजे कायम तेवढीच असंही नाही, टेंपरेचरने ती बदलते. तांब्याची रूम टेंपरेचरच्या आसपास दर डिग्रीला जवळपास 0.4 टक्के वाढते, निक्रोमची त्यामानाने फारच कमी, म्हणून या प्रयोगाला निक्रोम बरी पडते. तरी रीडिंग झालं की सर्किटची प्लग-की काढून ठेवा, तार उगाच तापवू नका.

आणि तांब्याची तार मल्टिमीटरला लावून बघायची हौस असेल तर एक मीटरवर भागणार नाही. त्याच 28 गेजची तांब्याची एक मीटर तार जेमतेम 0.15 ओहम, साध्या मल्टिमीटरच्या प्रोब नुसत्या एकमेकींना टेकवल्या तरी बऱ्याचदा त्याहून जास्त आकडा दिसतो. वायंडिंगवाल्याकडून लांबलचक तार आणा, टोकांचा इनॅमल खरवडा आणि प्रोबचा आकडा वजा करा.