तमिळ मुलूख, मराठी राजा, तेलुगू पदं

तंजावर भोसल्यांकडे आलं ते 1675 च्या सुमारास. त्याआधीच्या नायक राजांचा दरबार तेलुगू होता. रयत तमिळ बोलायची, पण दरबारी नाटकात आणि गाण्यात मान तेलुगूला. व्यंकोजीराजांनी ही घडी मोडली नाही. त्यांचे थोरले चिरंजीव शहाजी 1684 मध्ये गादीवर आले आणि स्वतःच तेलुगूत रचू लागले. तिरुवारूरच्या त्यागेशावरचं, म्हणजे तिथल्या शिवावरचं, ‘पल्लकी सेवा प्रबंधमु’ हे गेय नाटक त्यांचंच. मराठीतही त्यांनी नाटकं लिहिली. ‘पंचभाषाविलास’ तर पाच भाषांत आहे.

पुढे कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार श्यामा शास्त्री (1762–1827) घरी तमिळ बोलत आणि कृती, म्हणजे गायची पदं, बहुतेक तेलुगूत रचत. मुत्तुस्वामी दीक्षितर (1775–1835) यांनी संस्कृत धरली. जन्मभाषेत गायलं तरच गाणं आपलं, असं या मंडळींच्या गावीही नव्हतं.

तेलुगूच का? दरबार हे एक कारण, दुसरं गळ्याचं. तेलुगू शब्द बहुतेक स्वरान्त असतात, त्यामुळे ओळीचा शेवट लांबवता येतो. मराठीत आपण शेवटचा अ खातो. ‘देव’ म्हणताना तोंड ‘व्’वर मिटतं, मग तान घ्यायची कुठे?

परक्या भाषेत रचणाऱ्याची खरी परीक्षा प्रासात. ओळीतलं दुसरं अक्षर पुढच्या ओळीतही दुसऱ्याच जागी यावं लागतं, आणि त्याआधीच्या अक्षराची मात्राही जुळावी लागते. ‘रामा’ला ‘श्यामा’ चालतं, ‘रमा’ नाही, कारण ‘र’ ऱ्हस्व. भाषा नुसती समजून इथं भागत नाही, शब्दसाठा लागतो.

गाणाऱ्याची अडचण वेगळी, आणि ती लिपीतून येते. तमिळमध्ये क, ख, ग, घ यांना मिळून एकच अक्षर. तेलुगू कृती तमिळ लिपीत उतरवली की ‘गान’ आणि ‘कान’ सारखेच दिसतात. म्हणून छापील पुस्तकांत अक्षराला 2, 3, 4 असे बारीक आकडे जोडतात: आकडा नसला तर क, तीन असला तर ग. आकडा गळला की अर्थही गेला. दुसरी चूक श्वासाची. शब्द कुठे संपतो हे ठाऊक नसलं की गायक तालाच्या सोयीनं तो मध्येच तोडतो. च-ज च्या बाबतीत मात्र मराठी गळ्याला आयता फायदा: ‘चित्र’मधला आणि ‘चोर’मधला, असे दोन्ही च तेलुगूतही आहेत.

विसाव्या शतकात तमिळ इसै (तमिळ संगीत) चळवळीनं हिशेब मागितला. तमिळ गाणी मैफलीच्या शेवटी तुकड्यांपुरतीच का? 1943 मध्ये मद्रासला तमिळ इसै संघ स्थापन झाला. तक्रार रास्तच होती; श्रोत्यांना शब्द कळत नव्हते.

उलटा प्रवासही झाला होता. दुसरे सरफोजी (कारकीर्द 1798–1832) यांच्या दरबारात नृत्यासाठी मराठी निरूपणं, म्हणजे कथा सांगणाऱ्या पदांच्या माला, रचली गेली, आणि ती बसवायची होती तमिळ नट्टुवनारांनी, म्हणजे नृत्यगुरूंनी.