दुनळी बंदुकीच्या नळ्या समांतर का नसतात?

सोलापुरातील एका जुन्या वाड्यात परवाना असलेली बाराबोअरची दुनळी बंदूक जवळून पाहण्याची संधी मला मिळाली. घरच्या काकांनी वरचा खटका सरकवून ती मधोमध उघडली, दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री करून घेतली आणि मग त्या सुट्या करून माझ्या हाती दिल्या. खिडकीकडे धरून आत पाहिले तेव्हा गुळगुळीत पोकळीत उजेडाची एकात एक वर्तुळे दिसली. नळी जराशी जरी वाकलेली असती तरी ती वर्तुळे एका बाजूला सरकली असती. जुने कारागीर सरळपणा असाच, उजेड-सावली पाहून तपासत.

‘बाराबोअर’ हे खरे तर वजनावरून आलेले माप आहे. नळीत नेमके बसतील असे शिशाचे 12 गोळे एक पौंड, म्हणजे सुमारे 454 ग्रॅम भरतात. त्यावरून पोकळीचा व्यास सुमारे 18.5 मिलिमीटर ठरतो.

मला नवल वाटले ते मात्र नळ्यांच्या मांडणीचे. शेजारी-शेजारी झाळलेल्या या नळ्या समांतर नसून तोंडाकडे किंचित एकमेकींकडे कललेल्या असतात. नुसती भूमिती पाहिली तर उजव्या नळीचे छर्रे पुढे डावीकडे आणि डावीचे उजवीकडे जायला हवेत. पण उजवी नळी बंदुकीच्या मध्यरेषेच्या उजवीकडे असल्याने तिच्यातून उडालेल्या बाराचा मागे बसणारा धक्काही मध्यरेषेबाहेरच बसतो आणि त्यामुळे बंदुकीचे तोंड उजवीकडे ढळू लागते. छर्रे नळीबाहेर पडायला सुमारे 3 सहस्रांश सेकंद लागतात, आणि तेवढ्या अवधीत ढळलेले तोंड मुळात दिलेला कल भरून काढते. डाव्या नळीच्या बाबतीत हेच उलट बाजूने घडते, म्हणूनच दोन्ही बार एकाच जागी लागतात. बंदूक उडत असतानाची ही हालचाल आधीच हिशेबात धरून नळ्या जोडणाऱ्या कारागिरांविषयी मला मनापासून आदर वाटतो.

दुसरी खुबी नळ्यांच्या तोंडाशी आहे. अक्कलकोट रोडवरील यंत्रमागाच्या कारखान्यातून मागून आणलेला व्हर्निअर, म्हणजे बारीक मापे घेण्याचे साधन, लावला, तर उजवे तोंड 18.3 आणि डावे 17.6 मिलिमीटर भरले. या आकसलेल्या तोंडाला चोक म्हणतात. सहा नंबरच्या (हा आकाराचा क्रमांक) छर्ऱ्यांच्या एक औंसाच्या काडतुसात इंग्रजी मापाने सुमारे 270 छर्रे असतात. 40 यार्डांवरील 30 इंच व्यासाच्या वर्तुळात चोक नसलेल्या नळीतून त्यांपैकी सुमारे 40 टक्के, पाव चोकमधून 55 टक्के आणि पूर्ण चोकमधून 70 टक्के छर्रे पडतात. तोंडाशी जेमतेम एक मिलिमीटर कमी केल्याने एवढा फरक पडतो.

दोन नळ्यांना वेगवेगळे चोक देण्यामागे पक्ष्याचे उड्डाण आहे. पायाशी उठलेला तित्तर पहिल्या बाराच्या वेळी जवळ असतो, म्हणून पुढचा चाप उजव्या, मोकळ्या नळीचा. तो बार चुकला तर तोवर तित्तर दूर गेलेला असतो, म्हणून मागचा चाप डाव्या, आवळ नळीचा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातील 1991 च्या दुरुस्तीने अशी शिकार थांबली, आणि ते योग्यच झाले. जमिनीत पडलेले शिशाचे छर्रे पक्षी खडे समजून गिळतात, ते पेषणीत, म्हणजे दाणे दळणाऱ्या जठरात, झिजतात आणि शिसे रक्तात उतरून पक्ष्याला विषबाधा होते.

नळ्या परत जोडताना काकांनी दोन्ही चाप दाखवले. पुढचा बोटाच्या घर्षणाने चांदीसारखा उजळला होता. मागच्यावर मूळचा निळसर काळा रंग अजून शाबूत होता.