कंगव्यासारख्या दातांचा मासा

खाऱ्या पाण्याची टाकी थाटली की आधी क्लाउनफिश येतो आणि पाठोपाठ टँग नावाच्या चपट्या समुद्री माशांचे डोहाळे लागतात. ‘फाइंडिंग निमो’ सिनेमामुळे घरोघरी माहीत झालेला निळा टँग पूर्ण वाढला की 30 सेंमीपर्यंत जातो, पिवळा 20 सेंमीपर्यंत. तीन-चार फुटांच्या टाकीत हे जमायचं नाही, म्हणून दुकानदार ‘लहान टँग’ पुढे करतो. तपकिरी अंगावर बारीक निळसर रेघा आणि डोळ्याभोवती पिवळं कडं असलेला तो कोले. पाठीच्या आणि पोटाखालच्या परांना नारिंगी कडा आणि पांढरट शेपूट असलेला तो टोमिनी. दोघेही साधारण 15 ते 18 सेंमीत आटोपतात. सल्ला वाईट नाही, पण अर्धाच आहे. कारण हे मासे पिवळ्या टँगची छोटी आवृत्ती नव्हेत, त्यांचं खाणंच वेगळं आहे. ते समजून न घेता आणलेला कोले महिना-दोन महिन्यांत खंगतो. टाकीत शेवाळ तर भरपूर आहे, मग हा वाळतोय कसा, हे मालकाला कळतच नाही.

सगळे टँग सर्जनफिशच्या कुळातले. कोले आणि टोमिनी या कुळातल्या टेनोकीटस प्रजातीत मोडतात. पिवळ्या टँगचं तोंड पुढे निमुळतं आणि दात कुरतडायचे, त्यामुळे खडकाच्या फटीतलं लांब तंतूंचं शेवाळ तो तोडून खातो. टेनोकीटसच्या जबड्यात मात्र लवचिक, बारीक आणि टोकाशी वाकलेल्या दातांची रांग असते, अगदी कंगव्यासारखी. या दातांनी शेवाळ तुटत नाही. मासा जबडा जवळपास सरळ रेषेत येईपर्यंत फाकवतो, खडकावर टेकवतो आणि पृष्ठभाग झाडून घेतो. त्यात डायटम नावाची सूक्ष्म शैवालं असतात, जिवाणू असतात, इतर माशांची विष्ठा आणि कुजका गाळ असतो. थोडक्यात, खडकावर चढलेलं किटण हे त्याचं जेवण. ते दळायला जठराची भिंतही जाड, स्नायूंची.

या सवयीचा एक विषारी पुरावा ताहितीत सापडला. तिथे मासे खाऊन लोकांना सिग्वाटेरा नावाची विषबाधा व्हायची आणि त्यात कोलेचाच एक भाऊबंद, रेघांचा टेनोकीटस, हमखास असायचा. याच माशातून 1970च्या दशकात मायटोटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष वेगळं केलं गेलं. विषाचं मूळ माशात नव्हतं. प्रवाळांवरच्या शेवाळावर राहणारे सूक्ष्म एकपेशीय जीव ते तयार करतात आणि किटण खाणारा मासा ते किटणाबरोबर गिळतो. घरच्या टाकीत ही भीती बाळगायचं कारण नाही. हा मासा काय वेचतो, ते मात्र यातून नीट दिसतं.

आता घरच्या टाकीकडे या. नवी टाकी चकचकीत असते. पाण्यात अमोनिया-नायट्राइट या माशांना घातक द्रव्यांची चाचणी शून्य आली, की ती ‘तयार’ झाली असं आपण समजतो. क्लाउनफिशसाठी ती तयार असेलही. कोलेसाठी ती रिकामं ताट आहे. खडकावर खाण्याजोगा थर चढायला निदान सहा-आठ महिने जाऊ द्यावेत. नव्या टाकीत सुरुवातीला वाळूवर जो तपकिरी डायटमचा लेप चढतो, त्यापायी आपण कपाळाला हात लावतो. कोलेला तोच हवा असतो. म्हणून समोरची काच घासा, मागची आणि बाजूची तशीच राहू द्या. तिथे दुसऱ्या दिवशी ओठांच्या आकाराचे ठसे एकाशेजारी एक उमटलेले दिसतात, दर ठशात किटण साफ. मासा खातोय याची याहून चांगली खूण नाही.

वरून खाणं द्यावंच लागतं. बिनमसाल्याची नोरी, म्हणजे सुशीसाठी मिळणारी समुद्री शेवाळाची पापडी, काचेला चिमट्याने लावायची. पिवळा टँग तिचे तुकडे तोडतो, कोलेला आधी ती कळतच नाही. ती भिजवून सपाट दगडावर रबरबँडने ताणून बसवली, की तो तिच्यावर तोंड फिरवू लागतो. स्पिरुलिना या सूक्ष्म शैवालाचं बारीक खाद्यही चालतं. दिवसातून एकदा पोटभर यापेक्षा थोडं थोडं तीन-चार वेळा बरं, कारण टँग दिवसभर चरणारा प्राणी आहे. त्याच्या कुळात आतड्याची दुनियाही अफाट असते. तांबड्या समुद्रातल्या एका सर्जनफिशच्या आतड्यात 1985 साली अर्ध्या मिलिमीटरहून लांब, नुसत्या डोळ्यांना दिसेल असा जीव सापडला. तो जिवाणू आहे हे सिद्ध व्हायला 1993 उजाडलं. एपुलोपिशियम हे त्याचं नाव.

‘आत्ता लहान आहे, वाढला की मोठी टाकी घेऊ’ हा ठरलेला युक्तिवाद. ग्रेट बॅरियर रीफवरच्या सर्जनफिशच्या कानातल्या खड्यांवरची वर्तुळं मोजून संशोधकांनी 1996 मध्ये त्यांचं वय काढलं. हे मासे पहिल्या तीन-चार वर्षांत भराभर वाढतात आणि मग वाढ जवळपास थांबवून कित्येक वर्षं जगतात. काही जातींत तीस-चाळीस वर्षंसुद्धा. म्हणजे मोठी टाकी ‘कधीतरी’ लागत नाही, लवकर लागते, आणि मासा तुमच्या फ्लॅटच्या कर्जाइतका टिकू शकतो. कोले-टोमिनीसाठी चार फूट लांबी ही माझ्या मते किमान मर्यादा. लिटर मोजण्यापेक्षा लांबी मोजा. उंच आणि आखूड टाकीत लिटर भरतात, पण पोहायला सरळ रस्ता मिळत नाही.

सतत पोहणाऱ्याला प्राणवायूही जास्त लागतो. समुद्राचं पाणी 25 अंशांना लिटरमागे पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू धरतं, 30 अंशांना सव्वासहाच्या आत येतं. मे महिन्यात मुंबईच्या दिवाणखान्यातली टाकी 31-32 अंशांवर सहज जाते, आणि तेव्हाच वीज गेली तर सगळ्यात आधी टँग पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतो. पाणी थंड ठेवणारा चिलर महाग आहे हे खरं. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप स्वस्त आहे. टँग असलेल्या घरात तो नसणं मला पटत नाही.

शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना एकेक धारदार काटा असतो. एरवी तो खाचेत मिटलेला असतो, शेपटी वाकवली की बाहेर येतो. सर्जनफिश हे नाव त्यावरूनच पडलं. म्हणून टँगला जाळीने पकडू नये. काटा जाळीत अडकतो, सोडवताना मासाही जखमी होतो आणि बोटही. प्लास्टिकच्या डब्यात हाकलून उचलावा. भांडण बहुधा स्वतःसारख्याच आकाराच्या माशाशी होतं. टाकीत एकच टँग ठेवावा आणि तोही बाकी सगळे रुळल्यावर शेवटी सोडावा.

खरं जिवावर बेततं ते पांढऱ्या ठिपक्यांचं दुखणं. क्रिप्टोकॅरियॉन इरिटन्स हा परजीवी टँगवर विशेष लोभ ठेवून असतो. अंगावर मिठाचे कण शिंपडल्यासारखे ठिपके येतात आणि काही दिवसांनी आपोआप जातात. ‘लसूण घातलेल्या खाद्याने बरं झालं’ या गोष्टी इथेच जन्मतात. प्रत्यक्षात परजीवी पोट भरून माशावरून उतरलेला असतो, वाळूत-खडकावर कवच करून बसलेला असतो आणि त्यातून शेकड्यांनी पिल्लं बाहेर पडणार असतात. दुसरी लाट मासा मारते. तांब्याचं औषध लागू पडतं, पण ते प्रवाळ आणि कोळंबीचा जीव घेतं. म्हणून उपचार वेगळ्या टाकीत, तांब्याचं प्रमाण चाचणीने रोज मोजत करायचे. मुख्य टाकी तोवर माशांविना ठेवायची, आणि त्यासाठी जाणकार अडीच महिन्यांचा अवधी धरतात. नवा मासा आल्या दिवसापासून निदान चार आठवडे क्वारंटाइन टाकीत ठेवला तर हे सगळं टळण्याची शक्यता मोठी.

डोक्यावर आणि बाजूच्या रेषेवर कातडी झिजून खड्डे पडतात, त्या दुखण्याचा ठपका लोक वर्षानुवर्षं आहारावर ठेवत आले. अमेरिकेतल्या टोलेडो प्राणिसंग्रहालयाने सर्जनफिशवर केलेला प्रयोग 2011 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात लिग्नाइट या तपकिरी दगडी कोळशापासून बनवलेला सक्रिय कोळसा गाळणीत ठेवलेल्या टाक्यांमधल्या माशांना हे दुखणं जडलं, कोळसा नसलेल्यांना नाही. आहार सुधाराच, पण कोळसा वापरणार असाल तर धुऊन, भुकटी निघून जाईल असं बघून वापरा.

यातले बरेच मासे अजून समुद्रातूनच पकडून येतात. टँग अंडी पाण्यात मोकळी सोडतात आणि पिल्लं आठवडेच्या आठवडे प्रवाहात तरंगत वाढतात, त्यामुळे पैदास अवघड. हवाईतल्या ओशनिक इन्स्टिट्यूटला पिवळा टँग 2015 मध्ये वाढवता आला. टोमिनी इंडोनेशिया-फिलिपीन्सकडून येतो, कोले हवाईचा. आपल्या बाजूचा, मालदीव-श्रीलंकेकडचा त्यांचा नातेवाईक 2001 साली स्वतंत्र जात म्हणून नोंदवला गेला. त्याची पिल्लं पिवळी असतात, पिवळा टँग म्हणून कुणी गळ्यात मारत नाही ना ते बघा. खडक घेतानाही जपा. भारतीय समुद्रातल्या दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे, त्यामुळे कुणी ‘आपल्याकडचा ताजा रीफ खडक’ देऊ केला तर नको म्हणा. सिरॅमिकचा किंवा बनवलेला कोरडा खडकही वर्षभरात किटण धरतो.

दुकानात मासा बघाल तेव्हा रंगावर जाऊ नका. पोटाकडे बघा. छातीच्या परामागे पोट आत ओढलेलं असेल, पाठीचा वरचा भाग धारेसारखा झाला असेल, तर प्रवासात तो बराच उपाशी राहिलाय. दुकानदाराला तुमच्यासमोर खाद्य घालायला सांगा. खाल्लं नाही तरी टाकीच्या काचेवर तोंड फिरवतोय का ते पाहा. तेही करत नसेल तर बयाणा देऊन आठवडाभर तिथेच राहू द्या, आणि खायला लागला तरच घरी न्या.