होल जुळले, दाते जुळले का?

बेळगावच्या पावसाळ्यात जुनी गाडी सांभाळणाऱ्याला एक आवाज झोपेतसुद्धा ओळखू येतो. किल्ली फिरवली की बॉनेटखालून ‘खर्रर्र’, आणि इंजिन जागचं हलत नाही. माझ्या फियाटनं गेल्या जुलैत खानापूर रोडवर भर पावसात हाच सूर लावला. दोष तिचा नव्हता. जुना सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करून देणारी मोटर, जळाला म्हणून मी सीमेपलीकडच्या एका भंगारवाल्याकडून दुसरा उचलला होता. बोल्टाची होल तंतोतंत जुळली, तेवढ्यावर मी खूश.

उद्यमबागेत मेस्त्रींनी सेल्फ उतरवला आणि पुढच्या दात्यांवरून अंगठा फिरवला.

“दाते मोजलासा काय सर?”

“होल जुळले की, मेस्त्री.”

“होल काय, कुठलंबी जुळतंय.”

सेल्फ म्हणजे एक छोटी पण ताकदवान विजेची मोटर. तिच्या तोंडाशी पिनियन, म्हणजे लहानसं दातेरी चाक. इंजिनच्या फ्लायव्हीलवर, म्हणजे त्याच्याबरोबर फिरणाऱ्या जड चाकावर, पोलादाची दातेरी कडी चढवलेली असते, ती रिंग. हिशेबाला सोपं जावं म्हणून पिनियनला 9 आणि रिंगला 120 दाते धरू. रिंगचा एक फेरा होईस्तोवर पिनियनचे 13 हून जास्त होतात. इंजिन मिनिटाला 150 फेरे फिरवायचं तर मोटरला 2000 फिरावं लागतं. वेग देऊन जोर विकत घ्यायचा, असा हा सौदा.

तो उलटा फिरला की मात्र महागात पडतो. इंजिन सुरू होऊन 1000 फेऱ्यांवर गेलं आणि पिनियन रिंगमध्येच अडकून राहिलं, तर रिंग त्याला 13 हजारांच्या पुढे पळवेल. एवढ्या वेगात आर्मेचरच्या, म्हणजे मोटरच्या फिरत्या गाभ्याच्या, तारा खाचांतून उसळून बाहेर येतात. म्हणून पिनियननं यायचं, ढकलायचं आणि लगेच निसटायचं. 

निसटण्याच्या दोन तऱ्हा आहेत. जुन्या तऱ्हेत पिनियन आट्याच्या दांड्यावर बसलेलं असतं. मोटर झटक्यात फिरते, पिनियन जडत्वामुळे मागे रेंगाळतं आणि नटासारखं आट्यांवरून सरकत रिंगमध्ये घुसतं. इंजिन पेटलं की रिंग पिनियनच्या पुढे धावते आणि त्याच आट्यांवरून त्याला परत फेकते. अमेरिकी संशोधक व्हिन्सेंट बेंडिक्स यांच्या नावावरून आपल्याकडचे मेस्त्री आजही या भागाला ‘बेंडिक्स’च म्हणतात, तऱ्हा कुठलीही असो. नव्या तऱ्हेत सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा चुंबकी खटका, आधी पिनियन रिंगमध्ये सारतो आणि मग मोटरला पूर्ण करंट देतो. इंजिन पुढे धावलं तर आतला एकतर्फी क्लच पिनियनला मोकळं सोडतो. 

पिनियन ज्या बाजूनं आत शिरतं, त्या बाजूला रिंगच्या दात्यांची कड तासलेली असते. काही गाड्यांत ते इंजिनच्या बाजूनं येतं, काहींत गिअरबॉक्सच्या. तासलेली कड भलत्या बाजूला आली की दात्यावर दाता आपटतो. रिंग बदलताना ती उलटी चढवणारे महाभागही मी पाहिलेत.

आता दात्याचं माप. यातच मी फसलो. मेट्रिक दात्याचं माप मॉड्यूलमध्ये सांगतात. ते काढायचं ठोकळ गणित सोपं आहे: दाते मोजा, त्यात 2 मिळवा आणि बाहेरच्या व्यासाला त्यानं भागा. 120 दात्यांच्या रिंगचा व्यास 305 मिलिमीटर भरला तर 305 भागिले 122, म्हणजे मॉड्यूल 2.5. इंची पद्धतीत याच्या जवळचं माप म्हणजे पिचच्या, म्हणजे दाते एकमेकांना भिडतात त्या काल्पनिक वर्तुळाच्या, एक इंच व्यासामागे 10 दाते. मॉड्यूलमध्ये ते 2.54 होतं. फरक 0.04 चा. 9 दात्यांच्या पिनियनच्या व्यासात तो अर्ध्या मिलिमीटरलाही पोचत नाही, नजरेला कळायचं नावच नको. रिंगवर मात्र तोच फरक जवळपास 5 मिलिमीटर होतो. म्हणून व्हर्नियर लावायचा तो रिंगला. पिनियनचे दाते मजबुतीसाठी मुद्दाम फुगवलेलेही असतात, त्यांच्या व्यासावरून गणित चुकतं. इटालियन वंशाची माझी फियाट मेट्रिक, भंगारातला सेल्फ इंची. चार-सहा दिवस तो चाललासुद्धा, दाते खात खात.

आणखी एक खोच मोरिस, ऑस्टिनसारख्या जुन्या ब्रिटिश गाड्यांची. त्यांतल्या बऱ्याच गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असे. जुन्या सेल्फमध्ये चुंबकही तारेच्या वेटोळ्यांचाच असतो. बॅटरी उलटी जोडली तर वेटोळी आणि आर्मेचर दोन्हींतला प्रवाह एकदमच उलटतो आणि मोटर पूर्वीच्याच दिशेनं फिरते. आजच्या हलक्या सेल्फमध्ये बहुधा कायमचे चुंबक असतात. ते काही उलटत नाहीत, त्यामुळे तसा सेल्फ त्या गाडीला लावला तर तो उलटा फिरेल.

माझी रिंग दोनच ठिकाणी झिजली होती, समोरासमोर. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना पुढच्या कॉम्प्रेशनला, म्हणजे सिलिंडरमधली हवा दाबताना, अडतं आणि बहुतेक वेळा त्याच दोन जागांपैकी एकीवर थांबतं. पिनियनची पहिली धडक दर वेळी तिथल्याच दात्यांना. बाकीचे दाते कोरे करकरीत होते, मग नवी रिंग कशाला? मेस्त्रींनी फ्लायव्हीलवर खडूची खूण केली, रिंग तापवून उतरवली, पाव फेरा फिरवून पुन्हा चढवायला घेतली. साधारण 300 मिलिमीटरची पोलादी रिंग 200 अंशांनी जास्त तापली की तिचा व्यास पाऊण मिलिमीटरच्या आसपास वाढतो. तेवढ्यात ती फ्लायव्हीलवर सरकते आणि थंड होताना करकचून बसते. जास्त तापवली तर दात्यांचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं. मेस्त्रींकडे थर्मामीटर नव्हता. घासून चकचकीत केलेल्या एका जागेवर त्यांची नजर खिळली होती. तिथं वाळल्या भाताच्या पेंढ्यासारखा पिवळा रंग चढला आणि ते म्हणाले, “बास. निळी झाली की गेली.”

दोन पक्कडींनी धरलेली रिंग ‘टक्’ आवाज करून बसली. मग त्यांनी मला खाली बसवून सगळे दाते मोजायला लावले, मोठ्यानं.